बोंबील मोडणारी कवळी

तारापूरच्या खाडीच्या तोंडाशी मांगेल्या मच्छीमारांची आळी आहे. वाळत घातलेला बोंबील खरोखरच वाळला आहे की नाही, हे ठरवायची त्या आळीत एकच सर्वमान्य पद्धत होती. तो काशीबाई पागधऱ्यांच्या तोंडात द्यायचा. काशीबाई बोंबील दोन्ही टोकांना धरून मधोमध पुढच्या दातांनी दाबत. कट्‌कन मोडला तर वाळला. वाकला तर ओला. मोडला पण जरा विचार करून मोडला, तर 'अजून एक ऊन'. या तिन्हींपलीकडे चौथा निकाल नव्हता, आणि अपिलाची सोय नव्हती.

अशा निकालाची गरज पडायची ती मनोरच्या तात्यांमुळे. तात्या सुक्या मासळीचे व्यापारी. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की डोंगराकडच्या पाड्यांवर भाताबरोबर खायला सुका बोंबीलच असतो, आणि तो मनोरच्या बाजारात तात्यांकडून जातो. गोणीत चार बोंबील ओलसर निघाले तर सगळ्या गोणीला बुरशी धरते. त्यामुळे तात्यांना प्रत्येक बोंबील ओला वाटायचा. उलट आळीतल्या बायकांना सकाळी वलांडीवर टांगलेला बोंबील दुपारपासूनच वाळलेला वाटायचा. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना आडव्या बांधलेल्या दोऱ्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकून द्यायची. पुढचं काम उन्हाचं, आणि त्याच्या पुढचं काशीबाईंच्या दातांचं.

हा अधिकार काशीबाईंना कुणी दिला नव्हता. तो त्यांच्या सासूकडे होता. सासूचे दात पडले तेव्हा गादी सुनेकडे आली. राज्यकारभार असाच चालतो, असं मानून कुणी त्यावर चर्चा केली नाही. मोबदला काही नव्हता. तात्यांचा टेम्पो आला की पहिला चहा काशीबाईंना मिळे, आणि एक पालथा खोका त्यांच्यासाठी पुसून ठेवला जाई. एवढ्यावर त्यांनी वीसेक वर्षं न्यायदान केलं होतं.

आणि मग चौऱ्याऐंशी सालच्या थंडीत, भर निकालाच्या वेळी, काशीबाईंचा एक दात बोंबलातच राहिला.

तो बोंबील वाळलेला होता यावर त्या दिवशी दोन्ही पक्षांचं एकमत झालं. पुढे काय, यावर झालं नाही.

"माझे सगळे हायत," चंद्रकांता म्हणाली. चंद्रकांता म्हणजे काशीबाईंची चुलत जाऊ. दात दाखवायची संधी ती सहसा सोडत नसे. "मी बघीन ना."

"तुम्ही बघाल," तात्या म्हणाले, "आणि तुमच्या बहिणीचा, भावजयीचा, शेजारणीचा सगळा वाळलेलाच निघेल. चंद्रकांताबाई, तुमचे दात चांगले आहेत. माझा प्रश्न तुमच्या गोतावळ्याचा आहे."

"मग कोण बघणार?"

तात्यांनी उजव्या हाताचा अंगठा वर केला. "मी. दाबून."

तात्यांच्या अंगठ्याखाली लोखंडही ओलं निघालं असतं, हे आळीतल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं. बायकांनी काशीबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडात तेव्हा जे उरलं होतं त्यातलं निम्मं हलत होतं.

काशीबाईंचा मुलगा रामू बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होता. नोकरी साधीच, पण कारखान्याच्या सुरक्षा समितीवर त्याची निवड झाल्यापासून त्याच्या बोलण्यात जबाबदारी आली होती. घरातल्या स्टोव्हपासून ठराविक अंतरावर लाल रेघ मारावी, असा प्रस्ताव त्याने आईपुढे मांडलेला होता. रामूने आईला शटल गाडीने पालघरला नेलं. तिथल्या राऊत डॉक्टरांनी तोंड पाहिलं, हळहळ व्यक्त केली, उरलेले दात काढले, आणि हिरड्या भरून आल्यावर कवळी बसवून दिली.

कवळी सुंदर होती. लहान, पांढरेशुभ्र, एकसारखे दात. काशीबाईंनी आरशात पाहिलं तर समोर कुणीतरी शिकलेली बाई हसत होती.

"आता एक लक्षात ठेवायचं," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या दातांनी चावायचं नाही. घास लहान करायचा, मागे न्यायचा, दोन्ही बाजूंनी सावकाश चावायचा."

"मग पुढचे बसवलेत कशाला?"

"बोलायला. दिसायला."

"मी दिसायला नाय आली, डॉक्टर. माझं काम पुढच्या दातांचं हाय."

काम काय, ते काशीबाईंनी सांगितलं. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मावशी, वय झालं. आता विश्रांती घ्या." हा सल्ला न्यायाधीशांना सरकारसुद्धा देतं, पण निदान एक तारीख ठरवून देतं.

घरी येऊन काशीबाईंनी बोंबील दाबून पाहिला. बोंबील होता तसाच राहिला आणि वरची कवळी मागच्या बाजूने सुटून जिभेवर आली.

बोईसर स्टेशनकडून वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका सायकलच्या दुकानामागे आनंदाचं टेबल होतं. आनंदा सफाळ्याचा. राऊत डॉक्टरांनी मापं घ्यायची आणि त्यावरून आनंदाने कवळ्या तयार करायच्या, अशी रीतसर व्यवस्था होती. कायद्याचं म्हणणंही तेच होतं. तोंड डॉक्टरांनी बघावं, दात मेकॅनिकने करावेत. म्हणजे दात बनवणाऱ्याने ते कुणाच्या तोंडात जाणार आहेत हे बघायचं नाही, आणि तोंडवाल्याने ते कोण बनवतंय हे विचारायचं नाही. आनंदाला ही व्यवस्था अपमानास्पद वाटे. म्हणून डॉक्टरांचं काम झालं की संध्याकाळी तो स्वतःचं काम करी. 'फक्त दुरुस्ती' अशी पाटी लावून तो अख्खं तोंडच दुरुस्त करी. आळीत कुणाच्यातरी नजरेत ती पाटी भरली होती, म्हणून काशीबाई कवळी घेऊन तिथे पोचल्या.

"ही माझीच कवळी," काशीबाईंच्या हातातला ऐवज बघून तो म्हणाला. "फर्स्ट क्लास काम. पण मावशी, मला कुणी सांगितलंच नाय ना, की तुमी याच्यानं लढाई करणार. चिठ्ठीवर काय, 'स्त्री, पन्नाशी'. स्त्री, पन्नाशी म्हटलं की मी मऊ भात धरतो."

"करता येईल?"

"आनंदाला काय येत नाय ते विचारा."

हे विचारलं असतं तर बराच वेळ गेला असता, म्हणून काशीबाईंनी विचारलं नाही. आनंदाने त्यांना बोंबील आणायला सांगितला. त्यांनी जुडी आणली. मग आठवडाभर सायकलच्या दुकानामागे वेगळाच उद्योग चालला. मेणात दात रोवायचे, मेणाची कवळी तोंडात घालायची, काशीबाईंनी बोंबील तोंडात हलकेच धरायचा, कवळी कुठून उचलते ते बघायचं, दात जरा आत घ्यायचे, जरा खाली घ्यायचे, पुन्हा मेण. टाळूवरचा पट्टा आनंदाने मागपर्यंत वाढवला. बाजूच्या कडा उंच घेतल्या. सायकलवाला यूपीचा होता, शाकाहारी होता. तो अधूनमधून येऊन दारात उभा राही.

"भैया, ये दाँत बन रहा है कि मच्छी मार्केट?"

"स्पेशल ऑर्डर है," आनंदा अभिमानाने सांगे. "बोंबील मॉडेल."

तयार झाली ती कवळी दिसायला काही खास नव्हती. दात मोठे, पिवळट, आणि खालची रांग अशी काही बसवलेली की काशीबाई कायम एखाद्या गोष्टीवर नाराज असल्यासारख्या दिसत. पण बोंबील मोडला. कट्‌कन, पहिल्याच दाबात. काशीबाईंनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. आनंदाने हात वर करून थांबवलं. "पुरे मावशी, फरशी भरली. आता एकच. रात्री काढून पाण्यात ठेवायची. पाण्याशिवाय नाय."

"पाण्यात," काशीबाई म्हणाल्या. आणि इथे सगळा घोटाळा सुरू झाला.

त्यांनी आनंदाचं ऐकलं नाही असं नाही. चांगले आठ-पंधरा दिवस रोज रात्री कवळी पेल्यात पाणी घालून ठेवली. पण सकाळी ती बुळबुळीत लागे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच शास्त्र शिकवलं गेलं, की ओलं ते नासतं आणि वाळलेलं टिकतं, त्या घरातल्या बाईने मोलाची वस्तू रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे हे जरा अतीच होतं. पाण्यात काय राहतं? शेवाळ. आनंदा सफाळ्याचा, भातशेतीवाला माणूस. त्यांचं सगळं पाण्यातच चालतं. त्याला वाळवणातलं काय कळणार?

तेव्हा काशीबाईंनी दुपारच्या जेवणानंतर कवळी स्वच्छ धुवावी, जुन्या जाळ्याच्या तुकड्यात गुंडाळावी आणि वलांडीच्या वरच्या दोरीला, जिथे वारा आणि ऊन दोन्ही भरपूर, तिथे टांगावी, असा क्रम ठेवला. तासाभराची झोप काढून उठावं तो कवळी खडखडीत. वास नाही, बुळबुळ नाही. उन्हाळा चढत गेला तशी कवळी अधिकाधिक स्वच्छ वाळू लागली.

आणि टोचू लागली. आधी डाव्या बाजूला, मग टाळूला. काशीबाईंनी कोयती परजायच्या दगडावर ती कड घासून घेतली. मग दुसरी बाजू सैल झाली, म्हणून तिथे जीभ लावून धरायची सवय केली. काम चालू होतं. बोलताना जरा शिट्टी वाजे, पण न्यायाधीशाला फार बोलायचं नसतंच.

मे महिन्याच्या मध्यावर तात्यांचा टेम्पो आला. खोका पुसला गेला. तात्यांनी ढिगातून एक बोंबील उचलून दिला. काशीबाईंनी दाबला. वरची कवळी एका बाजूने हलली, बोंबील घसरला, वाकल्यासारखा वाटला.

"ओला," काशीबाई म्हणाल्या.

चंद्रकांताने तो त्यांच्या हातातून घेतला, स्वतःच्या दाताखाली धरला आणि मोडला. आवाज टेम्पोच्या ड्रायव्हरलाही ऐकू गेला. त्याने मान वळवून पाहिलं.

चंद्रकांताने या खेपेला दात दाखवले नाहीत, आणि काशीबाईंना तेच जास्त लागलं.

"काशीबाई," तात्या म्हणाले. आवाजात दुष्टपणा नव्हता, हिशेबी माणसाची हळहळ होती. "माझी आता एकच खेप राहिली. पावसाआधीची. त्या खेपेला मी आपला अंगठाच लावीन. तुम्ही बसा हं खोक्यावर. चहा घ्या."

नुसता चहा घ्यायला खोक्यावर बसणं म्हणजे काय, हे काशीबाईंना समजलं. बायकांनाही समजलं. वर्षातली सगळ्यात मोठी विक्री शेवटच्या खेपेला असते, आणि ती आता तात्यांच्या अंगठ्याखाली जाणार होती.

रामूला हे कळलं तेव्हा तो कामाच्या कपड्यांतच होता. "सदोष उपकरण," तो म्हणाला. "आय, याला सदोष उपकरण म्हणतात. आज टोचतंय, उद्या घशात जाईल. कुणाची तपासणी? कुणाचा परवाना?" त्याने जिल्ह्याला, ठाण्याला, संबंधित खात्याकडे तक्रार पाठवली. कारखान्यात अपघात होता होता टळला की जसं लिहितात, तशाच थाटात लिहिली. आपण काय लिहिलं ते त्याने आईला वाचून दाखवलं. काशीबाईंना त्यातलं 'कवळी' एवढंच ओळखीचं वाटलं.

सरकारी खातं इतक्या लवकर हललं याचं पुढे रामूलाही आश्चर्य वाटलं. बेटेगावच्या दादू नावाच्या माणसाची आनंदाविरुद्ध आधीच तक्रार होती, म्हणून साहेब तसेही येणारच होते, एवढाच त्याचा अर्थ. ठाण्याचे साहेब बारीक चणीचे, सौम्य आवाजाचे, पायात सँडल. आनंदाच्या टेबलापाशी त्यांना सायकलवाल्याने एक स्टूल दिलं. राऊत डॉक्टरांना बोलावून घेतलं होतं. ते आपल्याला न कळवता संध्याकाळी चालणाऱ्या धंद्याकडे आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. दादू आलेला होता. काशीबाई रामूबरोबर आल्या.

दादूची कवळी खिशात होती. ती लावून बोलता येत नव्हतं, म्हणून तो तिच्याशिवाय बोलला, आणि ते कुणाला समजलं नाही. मग त्याने खिशातून कवळी काढून टेबलावर ठेवली. ती दुसऱ्या कुणाच्यातरी जुन्या कवळीत तार घालून वाढवलेली होती. डॉक्टरांनी ती उचलून उजेडात धरली आणि साहेबांच्या हातात दिली.

"माल आला नव्हता," आनंदा म्हणाला. "माणूस म्हणाला लग्नाला जायचंय. तात्पुरती दिली होती."

"कधी?" साहेबांनी विचारलं.

"गेल्या लग्नसराईत," आनंदा म्हणाला आणि फरशीकडे बघू लागला. त्याचा फर्स्ट क्लास आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

मग काशीबाईंची पाळी. कवळी कुणी केली? आनंदाने. डॉक्टरांच्या सांगण्यावरून? नाय. माप कुणी घेतलं? आनंदाने. कशापासून केली ते सांगितलं होतं? गुलाबी हाय, एवढं दिसतंय. त्रास कधीपासून? चैत्र लागल्यापासून. साहेब हळूहळू लिहीत होते. आनंदाचा चेहरा प्रत्येक उत्तराला आणखी उतरत होता.

"स्वच्छता कशी ठेवता?" साहेबांनी विचारलं. हा शेवटचा, रिवाजाचा प्रश्न होता.

"एकदम चोख," काशीबाई म्हणाल्या. "रोज धुऊन वाळवते."

आनंदाने मान वर केली. "वाळवते?"

"तर. वलांडीवर. दुपारच्या उन्हात."

साहेबांनी हेही उत्तर लिहून घेतलं.

"मावशी," आनंदा रडवेल्या आवाजात म्हणाला, "मी सांगितलं होतं ना, पाण्यात ठेवा म्हणून. ती वाळली की आक्रसते. आकार सोडते. तुमी माझी बोंबील मॉडेल बोंबलासारखी वाळवलीत?"

"पाण्यात ठेव म्हणालास. का ठेव ते कुठे म्हणालास? आमच्यात पाण्यात ठेवलं की नासतं."

रामूने डोळे मिटून घेतले. समितीवर असल्यापासून त्याने बरेच अपघात अभ्यासले होते, पण यातला दोषी कोण, हे त्याला ठरवता येईना. डॉक्टरांनी काशीबाईंना खिडकीपाशी नेलं, तोंड उघडायला लावलं आणि बराच वेळ आत पाहिलं.

"वाळवल्यामुळे आकार गेला, हे खरं," ते म्हणाले. "पण सगळं त्यामुळे नाही. या कडा मुळातच नको इतक्या उंच घेतल्यात. गालात जखम झाली आहे, जुनी. मावशी, ही दुखत नव्हती?"

"दुखत होती. पण बोंबील मोडत होता."

"अशीच घासत राहिली असती तर चिघळली असती. मग बोंबील काय, पेज गिळता आली नसती." मग आनंदाकडे वळून म्हणाले, "कडा वाढवल्यास, ते मी समजतो. पण नंतर जखम कोण बघणार होतं? तू?"

आनंदाने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

साहेबांनी आपला निर्णय सौम्य आवाजात सांगितला. टेबल बंद. यापुढे आनंदाने कुणाच्या तोंडाला हात लावायचा नाही. दादूला आणि काशीबाईंना डॉक्टरांनी नवीन कवळी करून द्यावी. प्रकरण संपलं अशा अर्थाने त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"साहेब," काशीबाई म्हणाल्या, "माझी खेप पुढल्या आठवड्यात हाय."

"कसली खेप?"

मग काशीबाईंनी तात्या, अंगठा, बुरशी, वलांडी, सगळं पहिल्यापासून सांगितलं. कवळी डॉक्टरांच्या हातात असल्यामुळे शब्द सगळेच नीट आले नाहीत, पण साहेबांनी टोपण पुन्हा काढलं.

"तुमी कुणी केली ते विचारलंत," काशीबाई म्हणाल्या. "कशाची केली ते विचारलंत. कशासाठी केली ते नाय विचारलंत. डॉक्टरांनी दिली ती तोंडाला बरी होती, कामाला नाय. यानं दिली ती कामाला बरी, तोंडाला नाय. आता तुमी याला बंद करणार, आणि डॉक्टर पुन्हा मला मऊ भात देणार. मग सुखरूप कोण राहिलं? कागद."

"आय," रामू हळूच म्हणाला.

"तू गप. तुझ्या कारखान्यात हेल्मेट देतात, तेव्हा डोकं बघून देतात का कागद बघून?"

"मग तुमचं म्हणणं काय?" साहेबांनी विचारलं. विचारताना ते पुढे झुकले होते.

"यानं ऐकावं. डॉक्टरांनी बघावं. आणि दोघांनी एकाच वेळेला, मी समोर असताना. एक इकडे, एक तिकडे, आणि मधी मी शटलमधून कवळी फिरवते, असं नको."

साहेबांनी थोडा विचार केला. मेकॅनिकने तोंडाला हात लावू नये, असा नियम होता. डॉक्टर माप घेत असताना मेकॅनिकने त्या खोलीत उभं राहू नये, असा नियम त्यांना आठवेना. त्याने बोलू नये, असाही नव्हता. इतकी वर्षं नोकरी करून नियमात काय लिहिलेलं नाही याचा उपयोग त्यांना पहिल्यांदाच होत असावा, कारण ते किंचित हसले.

"डॉक्टर, तुमची हरकत?"

राऊत डॉक्टरांची हरकत होती. ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसली, पण हातात अजून काशीबाईंची कवळी होती, दगडावर घासलेली, आणि तिच्याकडे बघत ते म्हणाले, "दवाखान्यात मासळी आणावी लागेल?"

"एक जुडी," काशीबाई म्हणाल्या.

पुढचे चार-पाच दिवस पालघरच्या दवाखान्यात बाहेर बसलेले पेशंट नाकाला रुमाल लावून बसत होते. आत डॉक्टरांचा हात काशीबाईंच्या तोंडात असे आणि आनंदा भिंतीला टेकून, हात पाठीमागे बांधून उभा राहून सांगे, "डॉक्टर, डावीकडचा जरा आत. अजून. नाय, एवढा नाय." डॉक्टर म्हणत, "त्याने गालाला लागेल." आनंदा म्हणे, "मग कड खाली घ्या, मी दात मागे घेतो." दोघांची अशी भांडणं चालली की काशीबाई तोंड उघडं ठेवून नुसत्या डोळ्यांनी इकडून तिकडे बघत. एकदा आनंदाचा हात सवयीने पुढे आला. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. हात परत मागे गेला. गालाची जखम भरेपर्यंत थांबायला हवं, असं डॉक्टर म्हणत होते. शेवटी तडजोड झाली. कवळी फक्त निकालाला लावायची, बाकी वेळ काढून ठेवायची. कशात, हे आनंदाने काशीबाईंकडून तीनदा वदवून घेतलं, आणि या खेपेला का तेही सांगितलं.

नवी कवळी आधीच्या दोन्हींहून कमी होती. पहिलीसारखी देखणी नव्हती आणि दुसरीसारखी बोंबील कट्‌कन मोडत नव्हती. बोंबील जरा तिरका धरावा लागे, आणि डाव्या सुळ्याकडून दाब द्यावा लागे. काशीबाईंनी घरी दार लावून सराव केला. वाळलेला, ओला, अर्धवट. तिन्हींतला फरक जिभेला, हिरडीला पुन्हा नव्याने शिकवावा लागला.

शेवटच्या खेपेच्या दिवशी आभाळ पश्चिमेकडून दाटत होतं. तात्या टेम्पोतून उतरले, तेव्हा सगळी आळी वलांड्यांपाशी जमलेली होती. गोण्या भरून, तोंडं शिवून तयार होत्या. एकदा तात्या गेले की हंगाम संपला, असाच सगळ्यांचा हिशेब होता. काशीबाई खोक्यावर येऊन बसल्या.

"नवीन?" तात्यांनी विचारलं.

"नवीन."

तात्यांनी एका गोणीची शिवण उसवली, आत हात घातला आणि मधलाच एक बोंबील काढून दिला. अंगठा वर नव्हता, पण खिशातही नव्हता. बायका पुढे सरकल्या. चंद्रकांता सगळ्यात पुढे.

काशीबाईंनी बोंबील तिरका धरला. दाबला. तो मोडला. पण लगेच नाही.

त्यांनी दुसऱ्या गोणीतला मागितला. मग तिसऱ्या. तीच गत.

"वाळला," चंद्रकांता खालच्या आवाजात म्हणाली, आणि ते सांगणं नव्हतं, विनवणी होती. "काशी, आभाळ बघ. वाळला म्हण."

काशीबाईंनी आभाळाकडे पाहिलं नाही. "अजून एक ऊन," त्या म्हणाल्या.

मग आळीत जो गलका झाला तो खाडीपलीकडे गेला असेल. कुणी म्हणालं कवळीच ओली आहे. कुणी म्हणालं ऊन कुठून आणणार, काशीबाईच्या डॉक्टरकडून का. कुणी आनंदाचं सगळं खानदान काढलं.

"दात आळीच्या बाजूने बसवून आणले असं वाटलं होतं मला," तात्या म्हणाले. त्यांनी मोडलेले तुकडे उचलले, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरले, आणि न दाबताच गोणीत परत टाकले. मग टेम्पोच्या ड्रायव्हरला म्हणाले, "इंजिन बंद कर. उद्या जाऊ." आणि एका पालथ्या टोपलीवर बसून त्यांनी चहा मागितला.

तोंड न थांबवता बायकांनी गोण्या उसवल्या. बोंबलांचे जबडे पुन्हा एकमेकांत अडकवत त्या एकेक जोडी दोरीवर टाकू लागल्या. चंद्रकांताने आपला वाटा पार पलीकडच्या टोकाच्या वलांडीवर नेला आणि संध्याकाळपर्यंत ती काशीबाईंशी एक शब्द बोलली नाही.